बिल्ल्यापासून मायक्रोचिपपर्यंत : पाळीव कुत्र्या-मांजरांच्या नोंदणीचा ऐतिहासिक मागोवा (विशेष संदर्भ : मुंबई व भिवंडी)

प्रस्तावना

नगरपालिकांच्या इतिहासलेखनात पाणीपुरवठा, मलनिःसारण, प्लेग, घरपट्टी आणि जकात हे विषय वारंवार येतात. पाळीव जनावरांची नोंदणी हा विषय मात्र किरकोळ समजला जातो. 'श्वानकर' हा शब्द ऐकल्यावर सभागृहात हशा पिकावा, इतका तो दुर्लक्षित राहिला आहे. वस्तुतः घरात पाळलेले जनावर आणि रस्त्यावर हिंडणारे जनावर यांत कायद्याने केव्हा, कशासाठी आणि कोणत्या खुणेने भेद केला, हा प्रश्न नागरी शासनाच्या स्वरूपाशी निगडित आहे. अलीकडे मायक्रोचिपची चर्चा सुरू झाल्याने त्याला नवे महत्त्व आले आहे.

प्रस्तुत लेखात या भेदाचा मागोवा मुंबईतील इ. स. १८३२ च्या प्रसंगापासून आजपर्यंत घेतला असून, त्याचा भिवंडीसारख्या श्रमिकांच्या शहराशी असलेला संबंध तपासला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, आपल्याकडील नोंदणी ही प्रामुख्याने बेवारस कुत्री मारण्याच्या अधिकाराची दुसरी बाजू होती. तो अधिकार संपुष्टात येताच नोंदणीचे जुने प्रयोजनही संपले; आणि नवे प्रयोजन समाजाच्या मनात अद्याप रुजलेले नाही.

कायद्यापूर्वीची ओळख

आपल्या पारंपरिक समाजात कुत्र्याला धनी असणे ही कागदोपत्री बाब नव्हती, ती ओळखीची बाब होती. गावातील कुत्रे गावाचे असे. कोणाच्या अंगणात ते झोपते आणि कोणाच्या हातची भाकरी खाते, हे सर्वांना ठाऊक असे. दत्तात्रेय आणि खंडोबा यांच्या सान्निध्यामुळे या प्राण्याला धार्मिक भावविश्वातही स्थान मिळाले. संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. धनी आणि जनावर यांचे नाते समाजात किती ठळकपणे मान्य होते, याचे ते बोलके उदाहरण होय. परंतु ही ओळख लहान वस्तीत टिकते. वस्तीचे महानगर झाले की कोणते कुत्रे कोणाचे, हे शेजाऱ्यालाही सांगता येत नाही. राज्यसंस्थेचा हस्तक्षेप या ठिकाणी सुरू होतो.

१८३२ : मुंबईतील पहिला संघर्ष

कंपनी सरकारच्या काळात मुंबई बेटावर भटक्या कुत्र्यांचा उपद्रव वाढल्याच्या तक्रारी होत्या. १८१३ च्या नियमान्वये वर्षातील ठरावीक, विशेषतः उन्हाळ्याच्या, काळात अशी कुत्री मारण्यास मुभा देण्यात आली. १८३२ मध्ये ही मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढविण्यात आली. मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे इनाम होते. इनामाच्या लोभाने शिपाई रस्त्यावरील कुत्र्यांवर थांबले नाहीत. लोकांच्या दारातील आणि घरातील पाळीव कुत्र्यांवरही त्यांनी हात टाकला, अशी लोकांची तक्रार होती.

६ जून १८३२ हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. पारशी अंत्यविधीत 'सगदीद' म्हणजे मृतदेहावर श्वानाची दृष्टी पडणे आवश्यक मानले जाते. त्यामुळे या धर्मात कुत्र्याचे स्थान आदराचे आहे. त्या दिवशी फोर्ट भागात शिपायांवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, बाजार बंद राहिला आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडविण्यात आली. पारशांबरोबर हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमान हेही या निषेधात सहभागी झाले. सरकारने लष्कर बोलावून दंगल मोडून काढली, अटका केल्या आणि खटले चालविले. तथापि, पुढे कुत्री ठार करण्याऐवजी ती शहराबाहेर नेऊन सोडण्याचा मार्ग पत्करला गेला.

जेसी पालसेटिया यांनी २००१ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या घटनेचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. वसाहतकालीन सत्ता आणि पारशी समाज यांच्या संबंधांच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहेच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आहे. 'भटके' कुत्रे मारण्याचा हुकूम काढणाऱ्या सरकारजवळ 'पाळीव' कुत्रे ओळखण्याचे कोणतेही साधन नव्हते. ती ओळख शिपायाच्या मर्जीवर सोडलेली होती. पाळीव जनावराला खूण असावी, या गरजेचे बीज येथे दिसते.

कर, परवाना आणि बिल्ला

इंग्लंडमध्ये कुत्र्यांवरील कर १७९६ पासून होता. तेथे त्यामागे महसुलाचा विचार होता आणि गरिबांनी कुत्री पाळण्याविषयीची उच्चवर्गीय नाराजीही होती. हाच संस्कार आपल्या नगरपालिका कायद्यांत आला. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम १९१-अ कुत्र्यांवरील कराविषयी आहे; क्रमांकापुढील 'अ' हे अक्षर हे कलम मूळ मजकुरात मागाहून घातल्याचे सुचविते. मुंबईतील श्वान-परवान्याचा आधार हेच कलम आहे. मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ (आजचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) याच्या कलम १२७ मध्येही महानगरपालिकेला बसविता येणाऱ्या ऐच्छिक करांच्या यादीत 'कुत्र्यांवरील कर' आढळतो.

याच सुमारास मंजूर झालेल्या मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ४४ ने पोलीस आयुक्त व जिल्हा दंडाधिकारी यांना जाहीर सूचना काढून, ठरावीक मुदतीत रस्त्यावर भटकणारी कुत्री नष्ट करविण्याचा अधिकार दिला. वरील कलमे शेजारी ठेवून वाचली म्हणजे त्यांचा परस्परसंबंध लक्षात येतो. एका कायद्याने पट्टा व बिल्ला मिळे. दुसऱ्या कायद्याने पट्टा नसलेल्या कुत्र्याचा जीव घेता येई. अर्थात बिल्ला हा जनावराचा अभयपत्र होता. धनी कर भरत असे तो नागरिकत्वाच्या जाणिवेने नव्हे, तर आपले कुत्रे गाडीत घातले जाऊ नये या भीतीने.

भीती गेली, परवानाही मागे पडला

मुंबईत १९९४ पासून कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी करण्याचे धोरण स्वीकारले गेले आणि १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याला चौकट मिळाली. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली केंद्र सरकारने डिसेंबर २००१ मध्ये प्राणी जन्म नियंत्रण (श्वान) नियम जारी केले. त्यांनी कुत्र्यांचे 'पाळीव' आणि 'रस्त्यावरील' असे दोन वर्ग केले. पाळीव कुत्र्याचे नियंत्रित प्रजनन, लसीकरण, नसबंदी आणि परवाना यांची जबाबदारी धन्यावर टाकली. मात्र परवाना त्या त्या क्षेत्रातील प्रचलित कायद्यानुसार घ्यावा, असे म्हटले. २०२३ च्या सुधारित नियमांतही ही रचना मुख्यतः कायम आहे.

दरम्यान न्यायालयांत जुना वाद चालूच राहिला. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने बहुमताने उपद्रवी कुत्र्यांबाबत महानगरपालिकांचे अधिकार मान्य केले. जानेवारी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. नंतर २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचे भटक्या कुत्र्यांविषयीचे आदेश देशभर गाजले. २२ ऑगस्टच्या आदेशातील एक तरतूद मात्र फारशी चर्चिली गेली नाही. रस्त्यावरील कुत्रे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यास खूण लावलेले कुत्रे द्यावे आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्या व्यक्तीवर राहावी, असे न्यायालयाने म्हटले. येथे खूण ही मरणापासून सुटकेची राहिली नाही, ती उत्तरदायित्वाची झाली. नोंदणीच्या इतिहासातील हे वळण महत्त्वाचे आहे.

परंतु व्यवहारात १९९४ नंतर झाले ते उलटेच. कुत्रे मारले जाणार नाही हे कळल्यावर परवाना काढण्याचे सर्वांत प्रबळ कारण नाहीसे झाले. पाळीव जनावर टाकून देणे हा १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पण पहिल्या अपराधास त्या अधिनियमातील दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे आणि टाकणारा कोण, हे सिद्ध करण्यास नोंद नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये जनावराबाबतच्या निष्काळजीपणास शिक्षा आहे. तिच्याही वाटेत 'हे जनावर माझे नव्हेच' हे एक वाक्य उभे राहते.

मायक्रोचिप : स्वरूप व मर्यादा

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी, काचेच्या वेष्टनातील चकती. ती जनावराच्या खांद्यांच्या मध्ये त्वचेखाली सुईने बसविली जाते. तिच्यात विजेरी नसते आणि ती जनावराचा ठावठिकाणा सांगत नाही. वाचकयंत्र जवळ धरले असता ती केवळ पंधरा अंकी क्रमांक दर्शविते. त्या क्रमांकापुढे धन्याचे नाव, पत्ता व लसीकरणाची तारीख असलेली अद्ययावत नोंदवही नसेल, तर चिप निरर्थक ठरते.

इंग्लंडने जुना श्वान-परवाना १९८० च्या दशकाच्या अखेरीस रद्द केला आणि ६ एप्रिल २०१६ पासून कुत्र्यांना, तर १० जून २०२४ पासून मांजरांना मायक्रोचिप सक्तीची केली. भारतात मात्र चिपचा प्रवेश बाजारपेठेच्या द्वाराने झाला. श्वान-पैदास व विक्रीविषयक २०१७ च्या नियमांत पैदास केंद्रातील कुत्र्यांना चिप आवश्यक ठरविली. केनेल क्लब ऑफ इंडियाची वंशावळ-नोंदणीही तिच्याशी जोडलेली आहे. परिणामी ज्याची किंमत हजारोंत आहे त्याला क्रमांक, आणि दारात वाढलेल्या गावठी कुत्र्याला काहीच नाही, अशी स्थिती उद्भवली. वसाहतकालीन करातील वर्गभेद नव्या रूपाने परतला, असे म्हणावे लागते.

भिवंडीचा संदर्भ

भिवंडी-निजामपूर नगरपालिकेचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत मागे जातो. डिसेंबर २००१ मध्ये तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. म्हणजे प्राणी जन्म नियंत्रण नियम आणि ही महानगरपालिका एकाच महिन्यात जन्मास आल्या. १९४९ च्या अधिनियमामुळे श्वानकराचा अधिकारही तिला मिळाला. २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांहून अधिक लोकसंख्येच्या या शहराची घडण मात्र परवाना-पद्धतीने गृहीत धरलेल्या बंगलेवजा शहराची नाही.

यंत्रमाग कारखाने, चाळी व भाड्याच्या खोल्या यांत राहणारा कामगार कुत्रा 'पाळतो' असे म्हणणे कठीण आहे. पण रात्रपाळीहून परतताना त्याच्यामागे येणारे कुत्रे त्याला ओळखते. गल्लीचे कुत्रे अनेकांचे असते आणि म्हणूनच कायद्याच्या दृष्टीने कोणाचेच नसते. दुसरी बाब मांजरांची. शहरात मोठ्या संख्येने असलेल्या मुस्लिम कुटुंबांत मांजर पाळण्यास धार्मिकदृष्ट्या आडकाठी नाही, उलट आपुलकीच आहे. परंतु १९४९ च्या अधिनियमातील कर फक्त कुत्र्यांचा आहे. त्याच अधिनियमाखालील पुणे महानगरपालिकेने २०२२ मध्ये पाळीव मांजरांच्या नोंदणीचा निर्णय घेतला. कायदा समान असला तरी इच्छाशक्तीने किती अंतर पडते, हे त्यावरून दिसते.

तिसरी बाब हद्दीची. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली या परिसरातील गोदामपट्टा मुख्यतः ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात वाढला. रस्ता ओलांडला की स्थानिक संस्था बदलते; कुत्रे मात्र तेच राहते. महानगरपालिकेच्या बिल्ल्याला हद्दीपलीकडे मोल नाही. चिपचा क्रमांक हद्द जाणत नाही, हा तिचा खरा लाभ होय. पण त्यासाठी नोंदवही किमान जिल्हा किंवा राज्य स्तरावर एकत्र असावी लागेल.

हा प्रश्न केवळ प्रशासकीय नाही. कुत्रा किंवा मांजर चावल्यानंतर उपचार तत्काळ सुरू करावे लागतात आणि शक्य असेल तेथे चावलेल्या जनावरावर दहा दिवस लक्ष ठेवले जाते. जनावर कोणाचे, त्याला लस दिली होती काय, या प्रश्नांची उत्तरे नसतील तर रोजंदारी बुडवून दवाखान्यात आलेल्या कामगाराला लशीच्या पूर्ण मात्रेवाचून गत्यंतर नाही. रेबीज एकदा प्रकट झाल्यावर तो जवळजवळ निश्चितपणे प्राणघातक आहे. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय कृती आराखड्याने २०३० पर्यंत श्वानजन्य रेबीजच्या उच्चाटनाचे ध्येय ठेवले असून, त्यासाठी किमान ७० टक्के कुत्र्यांच्या लसीकरणाची अपेक्षा आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे १२.७६ लाख भटकी कुत्री आढळली. पाळीव जनावरांची विश्वसनीय नोंद नसेल, तर शंभरातील सत्तर मोजायचे कसे?

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, पाळीव जनावराची कायदेशीर खूण आपल्याकडे महसूल आणि संहार या दोन हेतूंच्या संगमातून आली. दोन, संहार थांबविण्याचा निर्णय मानवतेला धरून होता. परंतु त्याबरोबर नोंदणीचे प्रयोजन नव्याने सांगितले गेले नाही, म्हणून परवाना कागदावर उरला. तीन, मायक्रोचिप हे साधन आहे, धोरण नव्हे. ती कराची पावती म्हणून आली तर बिल्ल्याच्याच वाटेने जाईल. लसीकरणाशी जोडलेली, विनामूल्य किंवा अल्प शुल्काची, हद्दनिरपेक्ष आणि गल्लीतील सामूहिक सांभाळकर्त्यालाही नाव नोंदवू देणारी अशी ती असेल, तरच भिवंडीसारख्या शहरात तिला अर्थ राहील.

१८३२ मध्ये फोर्टातील लोकांचा आक्षेप जनावर ओळखण्याची सत्ता इनामाच्या मागे लागलेल्या शिपायाच्या हाती असण्याला होता. आज ती सत्ता यंत्राच्या हाती जात आहे. ओळख कोणाच्या रक्षणासाठी करायची, याचा निर्णय मात्र यंत्र करू शकत नाही. तो नगरसंस्थेने आणि नागरिकांनीच करावयाचा आहे.