नालबंद, सलोतरी आणि अश्ववैद्यकाची शाळा



घोडा आपल्या घरांतून गेला, परंतु आपल्या भाषेंतून तो अद्याप गेलेला नाहीं. मुंबई-पुण्याच्या ज्या कुटुंबांत तीन पिढ्यांत कोणीं खोगिराला हात लावलेला नाहीं, तेथेंहि एखाद्या मंडळाच्या कार्यकारिणींत खोगीरभरती झाली असें म्हणतात, परीक्षा जवळ आली म्हणजे आतां घोडामैदान दूर नाहीं असें मुलास सांगतात, आणि काम अडलें कीं घोडें पेंड कोठें खातें याची चौकशी होते. हे शब्द ज्या लोकांच्या धंद्यांतून आपल्याकडे आले, त्यांच्याविषयीं मात्र आपण फारसा विचार करीत नाहीं. इतिहासाच्या पुस्तकांत घोड्यावर बसलेला पुरुष दिसतो; घोड्याच्या पायाशीं बसलेला दिसत नाहीं. आज मी या दुसऱ्या माणसाविषयीं बोलणार आहें. त्याची विद्या कोणती, ती तो कोठें शिकला, आणि त्या विद्येची शाळा निघाली तेव्हां त्याचें काय झालें, एवढाच माझा विषय आहे.

मी स्वतः घोड्यावर कधीं बसलों नाहीं. मॅट्रिक होऊन मास्तर झालों आणि सारी नोकरी तालुक्याच्या गांवीं इतिहास शिकविण्यांत घालविली. शिवाजी महाराजांच्या घोडदळाची रचना मी दर वर्षीं फळ्यावर लिहीत असें: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पांच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी. एके वर्षीं मागल्या बांकावरून एका मुलानें विचारलें, "गुरुजी, पण नाल कोण मारीत होतें?" मुलगा नालबंदाचा होता. बाजाराच्या दिवशीं तो हटकून गैरहजर राही आणि त्याबद्दल त्यानें माझ्या छड्याहि खाल्ल्या होत्या. मला उत्तर आलें नाहीं. घरीं येऊन सभासदाची बखर उघडली, तों उत्तर त्याच प्रकरणांत होतें. पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. तें वाक्य मी वर्षानुवर्षें वाचीत होतों आणि फळ्यावर लिहितांना गाळीत होतों.

कृष्णाजी अनंत सभासदानें ही बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद आपणांस ठाऊक आहे. महाराजांनीं शिलेदारांस पागेच्या हाताखालीं ठेविलें, याचें राजकीय कारणहि आपण शाळेंत शिकतों. परंतु घोड्याच्या धंद्याची जी काय शाळा त्या काळीं होती, ती पागाच होय. मोतद्दाराचें पोर प्रथम लीद काढी, मग खरारा करी, तोबरा भरी, आगाडी-पिछाडी बांधावयास शिके. ज्याचें आसन पक्कें तो पुढें चाबुकस्वाराच्या हाताखालीं शिंगरें फिरवावयास जाई. ज्याचा हात स्थिर तो नालबंदापाशीं बसे. आजारी जनावर पाहणारा तो सलोतरी. हा शब्द शालिहोत्र या नांवावरून आला. शालिहोत्र हा आपल्या परंपरेंतील अश्ववैद्यकाचा आद्य आचार्य. ऋषीच्या नांवाचा अपभ्रंश होऊन तो पागेंतल्या माणसास चिकटला. ग्रंथ पंडितांच्या दप्तरांत राहिला आणि नांव तेवढें तबेल्यांत उतरलें.

चिपळूणकडे छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदार-हवालदारांस गेलेलें एक पत्र प्रसिद्ध आहे. तें १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराचें. रयतेस उपद्रव देऊं नये या आज्ञेसाठीं त्याचा नेहमीं उल्लेख होतो आणि तो योग्यच आहे. पण तें घोड्याच्या दृष्टीनें वाचून पाहावें. पावसाळ्यासाठीं सांठविलेला दाणावैरण आतांच बेहिशेबी उडवाल तर पुढें कांहीं मिळणार नाहीं, घोडीं उपाशीं मरतील आणि तीं तुम्हींच मारल्यासारखें होईल. दिवा उघडा ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी जळून जातील, असा त्याचा आशय आहे. ज्यानें पागेंत रात्र काढली आहे त्यालाच त्या उंदराची भीति सुचेल. हें ज्ञान पुस्तकांतलें नव्हे.

नालबंदाच्या कामाचें स्वरूपहि थोडें सांगितलें पाहिजे. घोड्याच्या खुराची बाहेरची भिंत आपल्या नखासारखी निर्जीव असते. तिला खिळ्यानें वेदना होत नाहींत. तिच्या आंत जिवंत मांस असतें. या दोहोंच्या मध्यें एक फिकट रेघ दिसते, तीच नालबंदाची मर्यादा. खिळा तिच्या बाहेर राहिला पाहिजे. त्या खिळ्याचें टोंक एका बाजूनें तिरपें घडविलेलें असतें, त्यामुळें ठोकतांना तो बाहेरच्या बाजूस वळत जातो आणि भिंतींतून वर निघतो. मग टोंक मुरडून तोडतात आणि उरलेलें कानशीनें घासून बसवितात. खिळा उलटा धरला तर तो आंत वळतो आणि घोडा लंगडा होतो. निष्णात माणूस हातोडीच्या आवाजावरून खिळा कोठें चालला आहे तें ओळखतो. भिंतींतला नाद घट्ट असतो, आंत शिरला कीं बद्द होतो. खूर सारखा वाढत असल्यामुळें हें काम दर सहा-सात आठवड्यांनीं पुन्हां करावें लागतें. हा आवाज मला कोणा ग्रंथकारानें सांगितलेला नाहीं. माझ्या त्याच विद्यार्थ्यानें शाळेच्या मैदानावर एका टांग्याच्या घोड्याचा पाय मांडीवर घेऊन ऐकविला.

आतां एका विलक्षण वर्षाकडे वळूं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर आपला घात झाला. रणांतल्या पराभवापूर्वींच छावणींत वैरण संपली होती आणि जनावरें भुकेनें मरत होतीं, ही गोष्ट आपण जाणतों. त्याच वर्षीं ऑगस्टच्या ४ तारखेस फ्रान्सच्या पंधराव्या लुईच्या राजसभेनें क्लोद बूर्जला या गृहस्थास लियों शहरीं जनावरांच्या रोगांची शाळा काढण्याची परवानगी दिली. दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं. तथापि एका देशाची घोड्यांची पिढी मातीस मिळत असतां दुसऱ्या देशांत त्या विद्येची पाटी-पेन्सिल निघत होती, हें मला विसरवत नाहीं. १७६२ च्या आरंभीं शहराबाहेरच्या एका जुन्या सराईंत शाळा भरूं लागली. जगांतील पशुवैद्यकाची ही पहिली शाळा.

बूर्जला हा डॉक्टर नव्हता. लियोंच्या घोडेस्वारीच्या विद्यालयाचा तो मुख्य होता. सरदारांच्या मुलांस रिकीब आणि लगाम शिकविणारा. घोड्याच्या शरीरावर त्यानें ग्रंथ लिहिले होते, पण युरोपांतहि तोंपर्यंत घोड्याचा वैद्य म्हणजे नाल मारणारा लोहारच. बूर्जलानें त्या लोहारास दारांतून हांकलून दिलें नाहीं. शाळेंत भट्टी घातली, नालबंदी हा शिक्षणाचा भाग केला आणि १७७१ सालीं त्या विषयावर स्वतः पुस्तक लिहिलें. शवविच्छेदन आणि ऐरण एकाच आवारांत आलीं. लवकरच परदेशचे विद्यार्थी येऊं लागले. डेन्मार्कचा आबिल्गोर येथेंच शिकला आणि परत जाऊन १७७३ त कोपनहेगनला शाळा काढली.

लंडनची शाळा १७९१ ची. तिचा पहिला आचार्य सेंबेल हा लियोंचाच विद्यार्थी. एक्लिप्स नांवाचा शर्यतीचा घोडा, जो आयुष्यांत एकहि शर्यत हरला नाहीं, तो १७८९ त मेला तेव्हां त्याचें विच्छेदन करून अंगाअंगाचें माप सेंबेलनें घेतलें आणि त्यामुळें त्याचें नांव झालें. १७९३ सालीं तोहि गेला. लियोंस शिकलेला आणखी एक इंग्रज विल्यम मूरक्रॉफ्ट. यानें यंत्रानें नाल घडविण्याचे हक्क इंग्लंडांत मिळविले होते. १८०८ सालीं तो बिहारांत पुसा येथील कंपनीच्या घोड्यांच्या पैदाशीवर आला. चांगले नर मिळावेत म्हणून हा मनुष्य १८१२ त गोसाव्याच्या वेषांत मानससरोवरापर्यंत गेला, पुढें लडाखवरून बुखाऱ्यास पोहोंचला, आणि परततांना १८२५ त अंदखुईस मेला. मूरक्रॉफ्टच्या प्रवासावर स्वतंत्र व्याख्यान द्यावें इतका तो विषय मोठा आहे. असो.

आपल्या मुंबईस ही विद्या शाळेच्या रूपानें १८८६ त आली. शहर तेव्हां घोड्यांवर चालत होतें. १८७४ पासून रस्त्यांवर घोड्यांची ट्राम होती, अरबस्तानचे घोडे बंदरांत उतरत होते, शर्यतींचा शोक वाढत होता. दिनशा माणेकजी पेटीट यांनीं पत्नी साकरबाई यांच्या नांवें परळास जनावरांचें रुग्णालय उभारलें आणि त्याच्याच आश्रयानें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. पहिले प्राचार्य जॉन हेन्री स्टील हे लष्करी पशुवैद्य होते. त्यांनीं पांचच वर्षें काम केलें. १८९१ त ते निवर्तले, पण संस्था उभी राहिली, आणि आजहि ती परळासच आहे. या दात्यांचें व आचार्यांचें ऋण मोठें आहे आणि मी जें पुढें म्हणणार आहें त्यानें तें उणें होत नाहीं.

म्हणणें असें कीं, लियोंची शाळा भट्टीला सोबत घेऊन निघाली, आपल्याकडची शाळा वरून आली. परळासहि विद्यार्थ्यांस नाल मारणें शिकवीत, हें खरें. परंतु शिक्षण इंग्रजींतून. लाहोरास १८८२ त असेंच महाविद्यालय निघालें होतें. तेथें उर्दूतून शिकवीत, म्हणून सलोतऱ्याच्या मुलास दार निदान किलकिलें तरी होतें. मुंबईस इंग्रजी येणारा तो आंत आणि पिढ्यानपिढ्या खूर हातांत धरणारा तो बाहेर, अशी विभागणी झाली. इंग्रजीचा तो उंबरठा आम्हां शाळामास्तरांच्याच हातीं होता, आणि आम्हीं तो उंच ठेविला. माझ्या छड्या त्याच जातीच्या.

१९०७ त विजेची ट्राम आली, पुढें मोटार आली, आणि धंदाच आटला. इंग्लंडांत हा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटला. तेथें १९७५ च्या कायद्यानें नालबंदांची नोंदवही केली. अनुभवी नालबंदाच्या हाताखालीं उमेदवारी आणि परीक्षा झाल्यावांचून कोणास घोड्यास नाल मारतां येत नाहीं. आपल्याकडे १९८४ च्या कायद्यानें पशुवैद्यांची नोंदवही झाली. तींत नालबंद नाहीं. मीरतेच्या लष्करी केंद्रांत ही कला अद्याप रीतसर शिकवितात, परंतु ती सैनिकांस. बाकीच्यांनीं बापापाशीं शिकावें.

माझा तो विद्यार्थी आतां पन्नाशीच्या घरांत आहे. सातवींतून शाळा सुटली. मार्गशीर्षांत दत्तजयंतीला सारंगखेड्यास घोड्यांची मोठी यात्रा भरते, तेथें तो दर वर्षीं जातो. परप्रांतींचे नालबंद येतात, त्यांची कानस धरण्याची तऱ्हा पाहतो, आणि एखादी नवी गोष्ट शिकून परत येतो. हेंच त्याचें पुढचें शिक्षण. गेल्या वर्षीं तो माझ्याकडे आला तेव्हां बरोबर मुलगी होती. ती अकरावींत शास्त्र घेऊन शिकते आणि तिला परळासच जावयाचें आहे. प्रवेशपरीक्षा कोणती, अभ्यास किती वर्षांचा, हें मीं नातवाकडून विचारून तिला लिहून दिलें: साडेपांच वर्षें, शेवटचें प्रत्यक्ष कामाचें. बापानें कागद तिच्याकडून वाचवून घेतला आणि मला विचारलें, "गुरुजी, तिथं खिळ्याचा आवाज कोण ऐकवील?" मुलगी म्हणाली, "तो मला येतो, आबा." मग चहा झाला आणि तीं दोघें पांचच्या मोटारीनें गेलीं, दुसऱ्या दिवशीं त्याला बाजार होता.