सेंट थॉमस चर्चचा मनोरा आणि जुनी चित्रे

मुंबईच्या कोटातील सेंट थॉमस चर्चच्या एखाद्या जुन्या चित्रावर साल घातलेले नसले, तरी त्याचा काळ अजमावण्याची एक भरवशाची खूण चित्रातच असते, आणि ती म्हणजे चर्चचा मनोरा. १८३७ मध्ये टॉमस कार मुंबईचे पहिले अँग्लिकन बिशप झाले, त्यामुळे या चर्चला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपचे आसन असलेल्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला, आणि १८३८ मध्ये तेथील बुटके घंटाघर वाढवून उंच मनोरा उभारण्यात आला. जोझे गोन्साल्विस यांनी १८२६ मध्ये शिळाछापाने, म्हणजे गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने रेखाटून त्यावरून कागदावर ठसे घेण्याच्या पद्धतीने, मुंबईची दृश्ये प्रसिद्ध केली, तेव्हा चर्चचा माथा ठेंगणाच होता.

मूळ इमारतीचा आरंभ गव्हर्नर जेराल्ड औंजियर यांच्या कारकिर्दीत (१६६९-१६७७) झाला. पण भिंती सुमारे पंधरा फूट चढल्यावर काम थांबले आणि पुढची चार दशके ते तसेच पडून राहिले. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील पाद्री रिचर्ड कॉब यांनी वर्गणी जमवण्याचा नेट धरला नसता, तर १७१८ च्या नाताळात गव्हर्नर चार्ल्स बून यांच्या उपस्थितीत चर्च उपासनेसाठी उघडले गेले नसते. त्या दिवशी रामा कामती हे धनाढ्य शेणवी व्यापारी आपल्या ज्ञातिबांधवांसह आले होते आणि उपासना संपेपर्यंत ते सारे बाहेर उभे राहिले, अशी नोंद खुद्द कॉब यांनी केली आहे. वाळकेश्वराचे मंदिर नव्याने उभारणाऱ्या या गृहस्थाने परधर्मीयांच्या सोहळ्याला असा मान द्यावा, ही बाब मुंबईच्या सामाजिक इतिहासात मनोऱ्याच्या उंचीपेक्षा मोठी मानली पाहिजे. दोनच वर्षांनी, कंपनीचे शत्रू असलेले मराठा आरमारप्रमुख कान्होजी आंग्रे यांच्याशी संधान बांधल्याच्या आरोपावरून, पुढे बनावट ठरलेल्या पत्राच्या आधारे, कंपनीने त्यांना दोषी ठरवून कैदेत टाकले, हा अन्याय त्यामुळे अधिकच बोचतो.

१८६० नंतरच्या दशकात कोटाची तटबंदी पाडली गेली, तिच्याबरोबर या चर्चवरून नाव पडलेला चर्चगेट हा दरवाजाही गेला, आणि चर्चसमोरच्या बॉम्बे ग्रीन या मोकळ्या मैदानावर एल्फिन्स्टन सर्कलच्या, म्हणजे आजच्या हॉर्निमन सर्कलच्या, इमारती उठल्या. १८६५ च्या सुमारास वेदीकडचा भागही नव्याने बांधला गेला. त्यापूर्वीच्या चित्रकारांना मैदान ओलांडून दिसणारे मोकळे चर्च त्यामुळे आता त्यांच्या चित्रांतच पाहावे लागते.