बसलेली फांदी : आरपीएम, यम आणि पायथन

१/ सर्व्हरवरील जुन्या पायथनच्या जागी नवी आवृत्ती बसवावी आणि त्याच क्षणी सॉफ्टवेअर बसवणारे साधनच निकामी व्हावे, ही आपत्ती सेंटओएस ६ च्या काळात अनेकांवर ओढवली. पडद्यावर संदेश येई : 'यम' नावाचे मॉड्यूल सापडत नाही. या आपत्तीची मुळे १९९५ पर्यंत जातात.

२/ त्या सुमारास रेड हॅटमध्ये एरिक ट्रोन आणि मार्क ईविंग यांनी आरपीएम हा पॅकेज व्यवस्थापक घडवला. त्याची पहिली आवृत्ती पर्ल या स्क्रिप्टिंग भाषेत होती. ती संथ आणि बोजड ठरली. म्हणून पुढे सारे सी भाषेत नव्याने लिहिले गेले.

३/ सीमुळे वेग आला, परंतु मोठी साधने सीमध्ये रचणे कष्टाचे होते. त्यावर तोडगा म्हणजे बाइंडिंग : सीमधील लायब्ररी आणि पायथन यांच्यामधला दुभाषा. १९९९ च्या रेड हॅट लिनक्स ६.१ मधील अ‍ॅनाकोंडा हा इन्स्टॉलर पायथनमध्येच लिहिला गेला.

४/ पुढे ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सेथ विडाल आणि मायकेल स्टेनर यांनी यलो डॉग लिनक्सच्या 'यप' या साधनाचे पुनर्लेखन करून 'यम' सिद्ध केले. एका पॅकेजला दुसरे लागते, हे आरपीएम सांगे. ते शोधून आणण्याचे काम यम करी, तेही याच दुभाष्याच्या मदतीने.

५/ मेख येथेच होती. सीमधील बाइंडिंग पायथनच्या एका ठरावीक आवृत्तीसाठी बांधलेले असते. सेंटओएस ६ मध्ये ती आवृत्ती २.६ होती. 'पायथन' ही आज्ञा २.७ कडे वळवताच यमला आपली मॉड्यूल्स दिसेनाशी होत. दुरुस्तीसाठी पॅकेज हवे आणि पॅकेजसाठी यम हवा! सीमधील मूळ आरपीएम मात्र शाबूत राही. त्याच्याच आधारे पॅकेजेस हाताने बसवावी लागत.

६/ १ जानेवारी २०२० रोजी पायथन २ चा पाठिंबा संपला. तत्पूर्वीच, २०१९ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ ने व्यवस्थेच्या साधनांसाठी पायथन वेगळा राखून ठेवला होता. वापरकर्त्याने आपला पायथन हवा तसा बदलावा. व्यवस्थेच्या पायथनला धक्का लागणार नाही.

७/ २०२४ च्या फेडोरा ४१ मध्ये डीएनएफ ५ आले, ते सी++ मध्ये. पायथनचे बाइंडिंग आता निराळे पॅकेज आहे. ज्याला स्क्रिप्ट लिहायची असेल त्याने ते बसवावे. ते नसले, तरी व्यवस्थापकाचे काम अडत नाही.