शिंगणापूरची शिळा आणि मुळेचें पाणी

अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील शनिशिंगणापूर हें गांव बिनदाराच्या घरांमुळें सर्वांना ठाऊक आहे. उघड्या चौथऱ्यावरील ती साडेपांच फूट उंचीची काळी शिळा आपणांपैकीं अनेकांनीं पाहिली असेल. कथा अशी सांगतात कीं, पानसनाल्याला महापूर आला, शिळा वाहत येऊन बोरीच्या झाडाला अडकली आणि गुराख्यांच्या दृष्टीस पडली. तिचा धार्मिक अर्थ भाविक जाणतात. मला मात्र तींत या भूमीचें जुनें चित्र दिसतें: एरवीं कोरडा ओढा, कांटेरी झाडें आणि मोकळें चराऊ रान.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतला हा मुलूख. माळावर गवत, गवतांत नाकतोडे, आणि त्यांवर जगणारा माळढोक पक्षी, ही सांखळी मेंढपाळांच्या कळपांसह नांदत होती. १९७९ सालीं माळढोकासाठीं अभयारण्य घोषित झालें, त्यांत सोलापूर जिल्ह्याबरोबर नेवासें तालुक्याचाही भाग होता.

परंतु त्याच सुमारास पाणीही आलें. हरिश्चंद्रगडाच्या परिसरांत उगम पावणारी मुळा नदी बारागांव नांदूर येथें अडविली गेली. सुमारें २६ अब्ज घनफुटांचा सांठा झाला. उजवा कालवा नेवासें तालुक्यांत आला आणि सोनईस साखर कारखाना उभा राहिला. दुष्काळानें गांजलेल्या शेतकऱ्याला या पाण्यानें हात दिला, हे उपकार कोण विसरेल? मात्र निसर्गाच्या खतावणींत जमेसमोर खर्चही मांडलेला असतो. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पूर्ण झालें होतें. त्याच्या प्रवरा कालव्यांखालीं अतिपाण्यानें कांहीं जमिनी खारवल्या, हा धडा जवळच होता.

मुळेकांठीं माळाच्या जागीं ऊस आला. शिकार आणि माळरानांचा ऱ्हास यांमुळें माळढोक महाराष्ट्रांतून जवळजवळ नाहींसा झाला. उलट, उसाच्या दाट आडोशाला बिबट्या आला. याच जिल्ह्यांतील अकोलें तालुक्यांत विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं केलेला अभ्यास २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. शेती-वस्तीच्या त्या भागांत दर शंभर चौरस किलोमीटरांस सुमारें पांच प्रौढ बिबटे आढळले. रानांतलें सावज तेथें फारसें नव्हतें. त्यांच्या आहारांत सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. कुत्रीं पोसलीं जातात आपल्या उष्ट्यावर आणि उकिरड्यावर. म्हणजे रात्रीं उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याच्या मनांतील भीतीचें एक टोक गांवच्या उकिरड्याशीं बांधलेलें आहे.

यावर बिबट्या पकडून दूर सोडणें हा उपाय पुरेसा नाहीं. आडोसा आणि भक्ष्य कायम असेल तर दुसरा बिबट्या येतो. उकिरडा आवरणें, गुरें-करडें रात्रीं बंदिस्त ठेवणें, उरलेलें गायरान राखणें आणि पाणी मोजून देणें, हीं कामें गांवाच्याच हातचीं आहेत. शिंगणापुरानें घरांना दारें लावलीं नाहींत. वस्ती आणि रान यांच्यामध्यें तर दार कधींच नव्हतें; तेथें सावधपणें नांदणें एवढेंच आपल्या हातीं आहे.