रक्तवाटांचा नकाशा

देहातल्या रक्ताची वाट डोळ्यांनी पाहावी, ही माणसाची जुनीच इच्छा. १८९५ साली राँटगेनला क्ष-किरण सापडले आणि हाडे दिसू लागली. रक्त आणि मांस यांची छाया मात्र सारखीच पडे. १८९६ च्या जानेवारीत व्हिएन्नाच्या हाशेक व लिंडेंथाल यांनी एका प्रेताच्या हाताच्या वाहिन्यांत हिंगूळ-चुन्याचे मिश्रण भरून त्यांचे चित्र घेतले. पण जिवंत माणसाला हिंगूळ कसा टोचावा? तेव्हापासून निरुपद्रवी द्रव्याचा शोध सुरू झाला.

या शोधात एक धडा आहे, आणि शाळामास्तर असल्याने तो मला महत्त्वाचा वाटतो. १९३०च्या सुमारास थोरोट्रास्ट नावाचे द्रव्य आले. चित्रे सुरेख येत, रोग्याला त्रासही जाणवत नसे. परंतु त्यातले थोरियम किरणोत्सारी. ते यकृतात कायमचे वस्तीला राहिले आणि कित्येक वर्षांनी कित्येकांना कर्करोग देऊन गेले.

पुढे चुंबकाचे युग आले. पाण्यातल्या हायड्रोजनला चुंबकाच्या साहाय्याने बोलते करण्याची ही विद्या. मद्यार्कातले हायड्रोजन अणू आपापल्या जागेप्रमाणे निरनिराळे संकेत देतात, हे १९५१ साली ज्यांनी दाखविले त्यांत डॉ. एस. एस. धर्मट्टी होते, त्यांनीच पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला. १९७३ मध्ये लाउटरबरने तिच्यातून चित्र काढले. १९८८ पासून अमेरिकेत रक्त उजळविण्यास गॅडोलिनियम हे धातुद्रव्य मान्य झाले. मोकळे गॅडोलिनियम विषारी, म्हणून त्याला रेणूच्या पिंजऱ्यात कोंडून टोचतात. मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात.

आणि मूत्रपिंडेच थकलेली असली तर? २००६ साली उत्तर मिळाले. अशा काही रोग्यांची कातडी लाकडासारखी कठीण झाली, सांधे आखडले, आणि संशय गॅडोलिनियमवर आला. मधुमेह व रक्तदाब मूत्रपिंडे आणि रक्तवाहिन्या दोन्ही बिघडवितात. म्हणजे ज्याला नकाशाची गरज अधिक, त्यालाच धोकाही अधिक! नवे, घट्ट पिंजरे पुष्कळ सुरक्षित ठरले. तरीही पर्याय शोधणे भाग पडले.

एक पर्याय लोहाचा. फेरुमॉक्सिटॉल हे मूत्रपिंडाच्या रोग्यांच्या पंडुरोगावरचे औषध अमेरिकेत २००९ साली मान्य झाले. त्याचे कण रक्तात तासन्‌तास राहतात आणि शेवटी शरीराच्या लोहसाठ्यात जमा होतात. क्ष-किरणतज्ज्ञांनी ते वाहिन्या पाहण्यास वापरले. पण २०१५ मध्ये त्यावरही प्राणघातक वावड्याचा कडक इशारा छापावा लागला.

दुसरा पर्याय काहीच न टोचण्याचा. आमच्या नाशकात गोदेचा पूर दुतोंड्या मारुतीवरून ओळखतात. मूर्ती स्थिर, पाणी वाहते. येथेही तसेच. पुन्हा पुन्हा लहरी सोडल्या की स्थिर मांस थकून मंद दिसते, आणि नव्याने येणारे रक्त उजळून उठते. वेळ अधिक लागतो, प्रवाह मंद असला तर फसगतही होते.

निर्दोष द्रव्य अद्याप सापडलेले नाही. म्हणून, वाचकहो, सुई घेण्यापूर्वी मूत्रपिंडांची तपासणी झाली का, एवढे विचारण्यास संकोचू नये. थोरोट्रास्टच्या काळी विचारावे काय, हेच रोग्यांना ठाऊक नव्हते.