चार मितींचा आकार आणि त्याचे दोन छेद

१९१५ च्या जानेवारीत गास्तों ज्युलिया या तरुण फ्रेंच गणितज्ञाने आघाडीवर नाक गमावले; पुढे आयुष्यभर ते चेहऱ्यावर चामड्याची पट्टी बांधून वावरले. १९१८ मध्ये त्यांचा दीर्घ प्रबंध प्रसिद्ध झाला. (प्येर फातू स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले होते, अकादमीचे पारितोषिक मात्र ज्युलियांना मिळाले.)

त्यातले सर्वांत साधे उदाहरण पाहा. संख्येचा वर्ग करा, त्यात एक स्थिरांक मिळवा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. उत्तरे अनंताकडे पळतात की मर्यादेत राहतात, एवढेच पाहायचे. आरंभीची संख्या आणि स्थिरांक दोन्ही संमिश्र, म्हणजे प्रत्येकी दोन अक्ष. एकूण मिती चार. मर्यादेत राहणाऱ्या जोड्यांचा हा आकार आपल्या डोळ्यांना अखंड दिसणे अशक्य. दिसतात ते छेद. स्थिरांक पक्का ठेवून कापले, की जी आकृती मिळते तिची किनार म्हणजे ज्युलिया संच. आरंभ शून्यावर ठेवून कापले, की मँडेलब्रॉट संच. एकाच देहाचे हे दोन काप!

ज्युलियांजवळ कागद आणि तर्क एवढेच होते. दुसरा छेद बेन्वा मँडेलब्रॉट यांनी आयबीएमच्या संगणकावर न्याहाळला तो १९८० मध्ये. ज्युलिया मार्च १९७८ मध्येच निवर्तले होते.