बाल्कन युद्धाचा एक बातमीदार

लिऑन ट्रॉट्स्कीचें नांव निघालें कीं १९१७ ची राज्यक्रांति आणि लाल सेना आठवावयाची, हें ठरलेलेंच आहे. परंतु त्याच्या पांच वर्षें आधीं हा गृहस्थ एका दैनिकाचा बातमीदार होता, आणि युद्धाशीं त्याची पहिली ओळख त्याच पेशांत झाली. व्हिएन्ना येथें परागंदा होऊन राहत असतां १९१२ सालीं 'कीव्हस्काया मिस्ल' या कीव्हच्या पत्रासाठीं तो बाल्कनमध्यें गेला.

त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत सर्बिया, बल्गेरिया, ग्रीस व माँटेनिग्रो या चार ख्रिस्ती राज्यांनीं तुर्की साम्राज्याविरुद्ध शस्त्र उपसलें होतें. मासिडोनियांतील धर्मबांधवांची मुक्तता हा त्यांचा घोष. आतां त्या मुलुखांत स्लाव, आल्बेनियन, तुर्क, ग्रीक, ज्यू हे सारे पिढ्यान् पिढ्या शेजारीं शेजारीं राहत आलेले. तो एकाच्या नांवानें मोकळा करावयाचा म्हणजे दुसऱ्याला घरांतून उठवावयाचें, हें ओघानेंच आलें.

पुढें १९२९ सालीं ट्रॉट्स्की आत्मचरित्र लिहूं लागला तो हद्दपार होऊन तुर्कस्तानांतील प्रिंकिपो बेटावर बसून. दैवाची थट्टाच म्हणावयाची! त्यांत बेलग्रेडच्या रस्त्यानें रणांगणाकडे निघालेली अठरावी पलटण त्याला आठवते. अंगावर खाकी वेष, पायांत खेडुताचीं पायताणें, टोपींत हिरवी डहाळी. त्या डहाळीमुळेंच तीं माणसें त्याला मरणाला वाहिलेलीं दिसलीं.

लढाई त्याला जवळून पाहावयास मिळाली नाहीं. तेव्हां त्यानें जखमी शिपाई व तुर्क कैदी यांना गांठून बोलतें केलें. आमच्या मतें हें त्याच्या पथ्यावरच पडलें. सेनापतींच्या छावणींत बसून विजयाचे आंकडे मिळतात; विजयानंतर गांवांत काय झालें तें तेथें कोण सांगणार? कुमानोव्होच्या लढाईनंतर थोड्याच दिवसांनीं स्कोप्येला पोंचलेल्या एका परिचितानें त्याला जें सांगितलें, तें त्यानें १९१२ च्या डिसेंबरांत छापलें. वाटेवर दुतर्फा जळणारीं आल्बेनियन खेडीं, आणि भर शहरांत वार्दार नदीच्या पुलाखालीं मुंडकीं तोडलेल्या आल्बेनियनांच्या प्रेतांचे ढीग! सांगणारा स्वतः सर्ब होता. त्याच्या शब्दाला वजन येतें तें यामुळें.

परंतु रशियांतील वाचकाला हें नको होतें. स्लाव म्हणजे भाऊबंद, आणि भाऊबंदांचें रक्त सांडलें तर तो अत्याचार. भाऊबंदांनीं सांडलें तर तो वीरश्रीचा अतिरेक. तुर्कांचीं दुष्कृत्यें रकानेच्या रकाने भरून छापणारीं पत्रें येथें मौन धरून बसलीं. हें मौन ट्रॉट्स्कीला असह्य झालें. उदारमतवादी पक्षाचा पुढारी व नामांकित इतिहासकार मिल्युकोव्ह याला त्यानें १९१३ सालीं जाहीर प्रश्न विचारला, कीं तुमच्या स्लाव मित्रांच्या या करणीविषयीं तुम्ही गप्प कां?

त्याच वर्षीं जूनअखेर विजेते आपसांत लढले, आणि कालचा भाऊ आजचा राक्षस ठरला. मग कार्नेगी संस्थेनें चौकशीमंडळ नेमलें. त्यांत हेन्री ब्रेल्सफर्ड होता. हिंदुस्थानाविषयीं १९३१ सालीं 'रिबेल इंडिया' लिहिणारा पत्रकार तो हाच. आणि दुसरा एक सभासद स्वतः मिल्युकोव्ह! १९१४ सालीं निघालेल्या त्यांच्या अहवालांत एकाही राष्ट्राचे हात स्वच्छ आढळले नाहींत. अर्थात् तोंवर युरोपला त्याहून मोठ्या आगीनें वेढलें. ऐंशीएक वर्षांनीं युगोस्लाव्हिया फुटून तीच खेडीं पुन्हां बातम्यांत येऊं लागलीं, तेव्हां १९९३ सालीं तो अहवाल कपाटांतून काढून पुन्हां छापावा लागला.

आत्मचरित्रांत ट्रॉट्स्की सांगतो कीं, बाल्कनमधील तीं वर्षें म्हणजे १९१४ चीच नव्हे, तर १९१७ चीही पूर्वतयारी होती. १९१८ सालीं तो युद्धखात्याचा मुख्य झाला. फितूर होणाऱ्या अधिकाऱ्यांचे कुटुंबीय अटकेंत ठेवावे असा हुकूम त्यानें त्याच वर्षीं काढला, आणि १९२० सालीं ओलीस धरण्याच्या समर्थनार्थ लेखणी झिजविली. त्या वेळीं त्याला जाहीर प्रश्न विचारूं शकेल असें विरोधी वृत्तपत्र त्याच्या राज्यांत उरलें नव्हतें.